आधी सामान तोला, मग सॅक घ्या
वाचकांचे प्रश्न : भटकंती

पाऊस ओसरला की भटक्यांची पत्रं वाढतात. या खेपेच्या टपालात एकच विषय फिरून फिरून आला : एकट्याने ट्रेकला जायचंय, सॅक हलकी हवी, पण ती घेताना खिसा हलका व्हायला नको. एकसारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : माझं वय 24, वजन 60 किलो. थंडीत एकट्याने एक-दोन मुक्कामांचे ट्रेक करायचे आहेत. रतनगड, हरिश्चंद्रगड, भीमाशंकर अशी यादी आहे. बजेट तीन हजार. दुकानदार म्हणतो 60 लिटरचीच घ्या, पुढे हिमालयातही चालेल. मित्र म्हणतात 40 पुरे. कुणाचं ऐकू? (नाशिक)

दोघांचंही नको, वजनकाट्याचं ऐका. सॅक ही सगळ्यात शेवटी घ्यायची वस्तू. बहुतेक जण ती सगळ्यात आधी घेतात आणि मग तिच्यात मावेल तेवढं सामान गोळा करत बसतात. जागा दिसली की भरली जातेच. निघताना घरातून लाडवांचा डबा पुढे आला, की ‘जागा नाही’ म्हणायची सोयही राहत नाही.

स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा असेल तर उत्तम, नाहीतर बॅग लटकवून मोजायचा हुकाचा काटा आणा. दोन मुक्कामांचं सामान जमिनीवर मांडून एकेक वस्तू तोला. साधारण आकडे असे येतात : स्लीपिंग बॅग 1100 ग्रॅम, कॅरीमॅट (खाली अंथरायची फोमची चटई) 300, स्वेटर किंवा जॅकेट 500, कपड्यांचा एक जादा जोड 400, मोजे आणि कानटोपी 150, विंडचीटर 300. खाणं दोन दिवसांचं मिळून 1200. ताटली, पेला, लहान पातेलं 300. हेडटॉर्च 90, दहा हजार एमएएचची पॉवर बँक 220, औषधं आणि पट्ट्या 200, दोरी-चाकू-काडेपेटीसारखं किरकोळ 250. बेरीज पाच किलोंच्या आसपास जाते. त्यात तीन लिटर पाणी, म्हणजे तीन किलो, आणि सव्वा किलोची सॅक. झाले सव्वानऊ.

मुक्कामी ट्रेकला पाठीवरचं ओझं आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांवर जाऊ नये, असा सर्वसाधारण हिशेब आहे. तुमच्यासाठी तो 12 किलोंवर येतो. म्हणजे दोन किलोंचा एकट्याचा तंबू घेतलात तरी तुम्ही सव्वाअकरावर थांबता. चूल-गॅस मात्र विचार करून घ्या. स्क्रूने बसणारी लहान चूल 100 ग्रॅमची असते, पण 230 ग्रॅम गॅसचा डबा भरलेला असताना डब्यासकट पावणेचारशेच्या वर भरतो. रतनवाडी, पाचनई अशा पायथ्याच्या गावांत घरगुती जेवण मिळतं. पिठलं-भाकरी खाली तयार असताना अर्धा किलो लोखंड आणि गॅस वर नेण्यात अर्थ नाही. चौघांच्या गटात एक चूल चौघांत वाटली जाते. एकट्याच्या पाठीवर ती पूर्ण असते, आणि एकट्याच्या यादीतून एकेक वस्तू काढताना हाच निकष लावायचा.

आता लिटर. किराणा दुकानातून एक रिकामं खोकं आणा, तळ 30 बाय 25 सेंटिमीटरच्या आसपास असलेलं. पाण्याच्या बाटल्या सोडून सगळं सामान सॅकमध्ये भराल तसं त्यात दाबून भरा. खोकं बुटकं असेल तर कड्यांना पुठ्ठा चिकटवून उंच करा. सामान किती उंचीपर्यंत आलं ते मोजा. 52 सेंटिमीटर आलं, तर 30 गुणिले 25 गुणिले 52, भागिले हजार : 39 लिटर. वरच्या यादीचं सामान बहुतेक वेळा 35 ते 42 लिटरमध्ये बसतं, तंबू घेतला की आणखी चार-पाच लिटर. तेव्हा तुमचा आकडा 40 ते 45, आणि तंबू असेल तर 50. कंपन्या लिटर एकाच पद्धतीने मोजत नाहीत. कुणी बाहेरचे कप्पे धरतं, कुणी धरत नाही. त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांच्या ‘40’ शेजारी ठेवल्या तर एक सहज मोठी निघते. शंका असेल तर स्लीपिंग बॅग काखेत मारून दुकानात जा आणि भरून बघा.

साठ लिटरची अर्धी भरलेली सॅक पाठीवर का त्रास देते, तेही बघा. सामान तळाशी बसतं, वरचा भाग मोकळा राहतो, आणि चालताना ओझं पाठीपासून मागे लोंबतं. ते तोलायला तुम्ही पुढे वाकता, मग मान आणि खांदे भरून येतात. शिवाय साध्या बनावटीची 60 लिटरची सॅक रिकामीच पावणेदोन-दोन किलोंची असते. हिमालयाचं ठरेल तेव्हा मोठी सॅक भाड्याने मिळते. पुण्या-मुंबईत ट्रेकचं सामान भाड्याने देणारे बरेच आहेत.

तीन हजारांत कंबरपट्टा आणि पाठीला आधार असलेली 40-50 लिटरची सॅक मिळते. सेलमध्ये त्याहून स्वस्तही. फक्त एक चाचणी दुकानातच करा : रिकामी सॅक जमिनीवर उभी करा आणि खांद्याच्या पट्ट्या जिथून निघतात तिथे वरून दोन्ही हातांनी दाबा. पेटीच्या भात्यासारखी चेपली, तर आत फ्रेम नाही. पाठीच्या बाजूने आत हात घालून चाचपा. ॲल्युमिनियमची एखादी पट्टी किंवा कडक प्लॅस्टिकचा पत्रा हाताला लागला पाहिजे, आणि तो थेट कंबरपट्ट्यापर्यंत उतरलेला हवा. मध्येच संपला तर ओझं कंबरेपर्यंत पोचतच नाही. बिनफ्रेमची सॅक वाईट असते असं नाही. सात-आठ किलोंपर्यंत ती छान चालते, आणि कॅरीमॅटची घडी आत पाठीला लावून ठेवली की तीच फ्रेमचं काम करते. पण त्यावर ओझं गेलं की खांदे बोलू लागतात.

प्रश्न : नवी 45 लिटरची सॅक घेतली. पन्हाळा-पावनखिंड वाटेवर दोन तासांतच खांदे दुखायला लागले. ओझं जेमतेम आठ किलो होतं. सॅक बदलू का? (कोल्हापूर)

बदलायची घाई नको. आधी पाठ मोजा, कारण सॅकचं माप उंचीवरून ठरत नाही, पाठीच्या लांबीवरून ठरतं. सहा फुटी माणसाची पाठ आखूड आणि पाय लांब असू शकतात.

मान पुढे झुकवा. मानेच्या मुळाशी एक हाड ठळक वर येतं, ते सुरुवातीचं टोक. मग दोन्ही हात कंबरेवर ठेवा, भांडायला उभं राहतात तसे. कंबरेच्या हाडाची वरची कड बोटांना लागते. त्या कडेवर तर्जनी ठेवून अंगठे मागे वळवा आणि दोन्ही अंगठ्यांना जोडणारी आडवी रेषा मनात धरा. शिंप्याचा टेप मानेच्या हाडापासून पाठीच्या वळणाला चिकटवत त्या रेषेपर्यंत न्या. दुसऱ्या कुणीतरी मोजलेलं बरं, स्वतः मोजताना वाकायला होतं आणि आकडा चुकतो. बहुतेकांची पाठ 40 ते 52 सेंटिमीटरमध्ये असते. आता सॅकवर मोजा : खांद्याचे पट्टे जिथे पाठीला शिवलेत तिथपासून कंबरपट्ट्याच्या मध्यापर्यंत. दोन आकड्यांत तीन-चार सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर ती सॅक तुमची नाही.

आकडे जुळत असतील तर दोष घालण्याच्या पद्धतीत आहे. सगळे पट्टे सैल करा. सॅक पाठीवर घेऊन खांदे किंचित उचला, कंबरपट्टा असा बांधा की पट्ट्याचा मध्य कंबरेच्या हाडाच्या कडेवर येईल, आणि तो घट्ट ओढा. पोटावर बांधला तर श्वास अडकतो, आणि ओझं पेलायला तिथे हाड नसतं. मग खांद्याचे पट्टे ओढा, ते खांद्याला टेकतील इतकेच. त्यानंतर खांद्याच्या वरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे दोन छोटे पट्टे थोडे आवळा. बाजूने पाहिलं तर ते 30 ते 45 अंशांत तिरके दिसायला हवेत. शेवटी छातीचा पट्टा, गळ्याच्या हाडाखाली चार बोटं, नुसता लावायचा, करकचून नाही. आता खांद्याच्या माथ्यावर पट्ट्याखाली दोन बोटं सरकवून बघा. ती सहज गेली तर ओझं कंबरेवर बसलंय. बोटं अडकली तर पुन्हा पहिल्यापासून.

तुमच्या सॅकला कंबरेला नुसती बारीक निवार पट्टी असेल, गादी नसेल, तर हे सगळं करूनही फरक पडणार नाही. ती पट्टी सॅक हलू नये म्हणून असते, ओझं उचलण्यासाठी नसते. खूप स्वस्त सॅकमध्ये नेमकी इथे काटकसर होते, आणि फोटोत ती कळत नाही.

भरण्यातही चूक होते. स्लीपिंग बॅग तळाशी, जड वस्तू (खाणं, पातेलं, जादा पाणी) मध्ये आणि पाठीला अगदी लागून, हलके कपडे बाहेरच्या बाजूला आणि भोवती भरायचे. जड वस्तू पाठीपासून वीतभर जरी लांब गेली, तरी ती सॅकला मागे खेचते.

प्रश्न : माझी उंची पाच फूट एक इंच. पाठ मोजली, 39 सेंटिमीटर आली. स्त्रियांसाठीच्या सॅक महाग आहेत. त्या खरंच वेगळ्या असतात, की नुसता रंगाचा फरक? एकटी फिरते, म्हणून आणखी काय बघू? (डोंबिवली)

चांगल्या कंपन्यांच्या खरंच वेगळ्या असतात. पाठ आखूड, खांद्याचे पट्टे एकमेकांच्या जवळ शिवलेले आणि छातीला वळसा घालणारे, कंबरपट्टा कंबरेच्या घेराला साजेसा तिरका. नुसता जांभळा रंग लावून विकलेल्याही दिसतात. टेप घेऊन मोजलं की फसवणूक कळते. बजेट कमी असेल तर पाठीची लांबी वर-खाली करता येणारी सॅक शोधा. आत वेल्क्रोची किंवा पायऱ्यांसारख्या पट्ट्यांची रचना असते. तिचं वजन दीड-दोनशे ग्रॅमनी वाढतं. तरीही ती घ्यावी, कारण 39 सेंटिमीटरच्या पाठीवर 46 ची सॅक कितीही हलकी असली तरी तिचा कंबरपट्टा मांड्यांवर येतो. सगळ्यात खालच्या मापावर लावून पाठ 40 च्या आत येते का, ते दुकानातच बघा.

एकटं फिरणाऱ्याला सॅक पाठीवर चढवून द्यायला कुणी नसतं. त्यामुळे पाठीच्या बाजूला माथ्यावर जो उचलायचा पट्टा असतो तो जाड, मऊ आणि पक्का शिवलेला हवा. त्याला धरून सॅक आधी वाकवलेल्या गुडघ्यावर, मांडीवर टेकवायची, एक हात खांद्याच्या पट्ट्यात घालायचा आणि अंगाला अर्धा वळसा देऊन दुसरा. एका खांद्याच्या पट्ट्याला धरून हिसका मारून उचलाल, तर पाठही जाते आणि त्या पट्ट्याची शिवणही.

पाण्याची बाटली सॅक न उतरवता हाताला लागली पाहिजे. दुकानात सॅक घालूनच बाजूच्या कप्प्यातून बाटली काढून परत ठेवून बघा. निम्म्या सॅकमध्ये काढता येते, ठेवता येत नाही. मग माणूस आळसाने पाणी कमी पितो, आणि एकट्याला चक्कर आली तर पाणी पाजायला कुणी नसतं. कंबरपट्ट्याला छोटा कप्पा असेल तर फोन, औषधं, थोडे पैसे तिथे ठेवा : सॅक कुठे टेकवून चार पावलं दूर गेलात तरी हे अंगावर राहील. छातीच्या पट्ट्याच्या बकलमध्ये बऱ्याच सॅकना शिट्टी असते. नसेल तर वीस रुपयांची बांधून घ्या. कुठून चढणार, कुठे उतरणार आणि किती वाजेपर्यंत फोन येईल हे घरी आणि पायथ्याच्या गावात सांगून जा. अलंग-मदन-कुलंगसारख्या दोर लागणाऱ्या वाटा मात्र एकटीने करायच्या नाहीत, सॅक कोणतीही असो.

प्रश्न : दुकानात 210 डी, 420 डी, 600 डी असे आकडे असतात. जास्त आकडा म्हणजे जास्त मजबूत ना? (सातारा)

तेवढं सरळ नाही. डी म्हणजे डेनिअर, धाग्याचं वजन. 9000 मीटर धागा जितके ग्रॅम भरतो तितके डेनिअर. आकडा वाढला की धागा जाड आणि कापड जड. पण धागा कशाचा, हे त्यात नसतं. नायलॉन त्याच जाडीच्या पॉलिस्टरपेक्षा घासायला आणि फाटायला चिवट असतं. म्हणून नायलॉनचं 210 डी वजनाच्या मानाने सॅकला उत्तम, आणि स्वस्त पॉलिस्टरचं 600 डी नुसतं जड. कापडावर बारीक चौकटी दिसत असतील तर ते रिपस्टॉप. ठरावीक अंतरावर जाड धागा विणलेला असतो. करवंदीच्या जाळीत भोक पडलं तरी ते चौकटीपाशी थांबतं, पुढे उसवत जात नाही.

खरं म्हणजे सॅकचं कापड सहसा फाटत नाही. उसवते ती शिवण, तुटतं ते बकल, बिघडते ती चेन. तेव्हा दुकानात सॅक उलटी करा आणि आतून बघा. शिवणीच्या कडेला कापडाचे धागे सुटलेले, कुरतडल्यासारखे दिसत असतील आणि त्यावर पट्टी मारलेली नसेल, तर काही महिन्यांत ती कड उसवणार. खांद्याचे पट्टे जिथे बसवलेत तिथे एकाच जागी दाट, पुढे-मागे मारलेली टिपेची जाड आडवी रेघ दिसली पाहिजे, पट्ट्याला एक नाही, दोन तरी. मग पायाने सॅक दाबून धरून पट्टा जोरात ओढा आणि शिवणीकडे बघा. टाके उघडे पडून मधून उजेड दिसला, तर परत ठेवा. दुकानदार रागावला तर रागावू द्या.

बकलं साधारण 20 किंवा 25 मिलिमीटरची असतात. कंबरेचं 38 किंवा 40 चं. ते गाडीच्या दारात सापडून किंवा कुणाच्या बुटाखाली येऊन तुटतं. बारीक फट असलेलं, शिवण न उसवता पट्टीवर चढवता येणारं एक जादा बकल जवळ ठेवा. दहा ग्रॅमसुद्धा भरत नाही. चेन उघडी पडत असेल, म्हणजे रनर पुढे जातो पण दात जुळत नाहीत, तर बहुतेक वेळा दात शाबूत असतात आणि रनर सैल झालेला असतो. चेन पूर्ण उघडून रनर सुरुवातीला आणा. चेन लावताना रनरची जी बाजू मागे राहते, तिथली वरची आणि खालची पाती पक्कडने हलकेच दाबा, आधी डावी कड, मग उजवी. एका वेळी थोडंच. जोरात दाबलं तर रनर तडकतो आणि मग चेनवाल्याकडे जाण्यावाचून उपाय नाही. जमलं तर चेन कमी आणि तोंड गुंडाळून किंवा नाडीने बंद होणारी सॅक घ्या : हलकी, स्वस्त, आणि बिघडायला काहीच नाही.

प्रश्न : सॅकसोबत रेनकव्हर आलं होतं. तरी जुलैत भीमाशंकरला सगळं भिजलं. कव्हर खराब आहे का? (ठाणे)

कव्हर बरं असेल, काम त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. ते सॅकची पाठीची बाजू झाकत नाही. सह्याद्रीतला पाऊस तुमच्या मानेवरून पाठीवर आणि पाठीवरून सॅकमध्ये उतरतो, खांद्याच्या पट्ट्यांचा स्पंज तो आत पोचवतो, आणि मग कव्हरच्या तळाशी पाणी साठून त्याची पखाल होते. कव्हरला तळाशी भोक नसेल तर एक पाडून घ्या.

सामान कोरडं ठेवायचं तर आतून अस्तर हवं. शंभर मायक्रॉनच्या आसपास जाड प्लॅस्टिकची, 60 बाय 100 सेंटिमीटरची पिशवी 40-45 लिटरच्या सॅकला बेताची होते. प्लॅस्टिकच्या ठोक दुकानात मिळते, वजन सव्वाशे ग्रॅमच्या आत. सॅकमध्ये रिकामी उभी करा, सामान तिच्यात भरा, हवा दाबून काढा, तोंडाला पीळ द्या, पीळ दुमडा आणि रबर किंवा नाडीने बांधा. नुसती गाठ मारली तर अंधारात, ओल्या बोटांनी ती सुटत नाही. कोरडा कपड्यांचा जोड आणि स्लीपिंग बॅग आणखी एकेका पिशवीत ठेवा. विंडचीटर आणि वाटेत लागणारं खाणं अस्तराच्या बाहेर, वर, म्हणजे दर वेळी पीळ सोडायला नको. हे एवढं केलं की कव्हर घरी ठेवलं तरी चालतं. कारवीच्या रानात ते फाटतं आणि धारेवरच्या वाऱ्यात उडून जातं.

ओढा ओलांडण्याआधी कंबरेचं आणि छातीचं बकल सोडा. पाय घसरला तर सॅक टाकून देता आली पाहिजे. भीमाशंकरच्या शिडी घाटातल्या शिड्यांवर उलट : सगळं घट्ट, आणि बाजूला लटकवलेली कॅरीमॅट उभी बांधलेली. आडवी बांधली तर ती कातळाला अडते आणि तुम्हाला बाहेर ढकलते.

प्रश्न : जुनी सॅक 2.1 किलोची आहे. नवी हलकी घ्यायला चार-साडेचार हजार लागतील. जुनीच हलकी करता येईल का? (पुणे)

सॅक थोडी, सामान बरंच. वरची टोपी बकलं सोडवून निघत असेल तर काढून ठेवा, दीडशे ते अडीचशे ग्रॅम गेले. वीतभर टोक सोडून लोंबणाऱ्या पट्ट्या कापा आणि टोकं मेणबत्तीवर धरून वितळवा, नाहीतर विस्कटतात. यातून वीस-तीस ग्रॅमच वाचतात, पण कारवीत अडकणं थांबतं. फ्रेम आणि कंबरपट्ट्याला हात लावू नका. पाव किलो वाचवायला जाल आणि पाच किलो खांद्यावर घ्याल.

आता सामान. स्टीलच्या लिटरच्या दोन बाटल्यांऐवजी पाण्याच्या विकतच्या दोन बाटल्या धुऊन वापरा. पाचशे ग्रॅमच्या वर गेले. वीस हजार एमएएचची पॉवर बँक घरी ठेवून दहा हजार एमएएचची घ्या, आणखी पावणेदोनशे. टर्किश टॉवेलऐवजी पंचा, पुन्हा पावशेर, शिवाय तो चालता चालता सॅकवर वाळतो. किलोभर असंच उतरलं, रुपया न खर्चता. त्यानंतरही सॅक जड वाटली तर नवी घ्या.

प्रश्न : चाळीस लिटरची सॅक विमानात हातात नेता येते का? (बेंगळुरू)

देशांतर्गत विमानांत हातसामानाला बहुधा 7 किलो आणि 55 बाय 35 बाय 25 सेंटिमीटरची मर्यादा असते. चाळीस लिटरची सॅक लांबीला बरेचदा 60 च्या वर जाते. टोपी काढता आली तर बसते. पॉवर बँक केबिनमध्येच न्यायची, चाकू आणि काठ्या चेक-इनमध्ये. गॅसचा डबा कुठेच चालत नाही, रेल्वेतही नाही. तो पोचल्यावर विकत घ्या.

प्रश्न : ओळखीतली एक वापरलेली सॅक हजारात मिळतेय, चांगल्या कंपनीची आहे. घेऊ का? आणि कोकणच्या दमट हवेत सॅक टिकवायची कशी? (रत्नागिरी)

आत डोकं घालून वास घ्या, हे पहिलं. आंबूस, उग्र वास आला आणि आतलं कापड बोटाला चिकट लागलं, तर आतला पॉलियुरेथेनचा लेप ओलीने कुजायला लागलाय. पुढे त्याचे पांढरे पापुद्रे कपड्यांना चिकटत राहतात. तो थांबवता येत नाही. अशी सॅक फुकट मिळाली तरच घ्या, आतून प्लॅस्टिकचं अस्तर घालून वापरता येईल. लेप बरा असेल तर पट्ट्यांमधला स्पंज चिमटीत दाबा. तो फुगून परत वर आला पाहिजे. चपटाच राहिला तर खांद्याचं काम संपलंय. मग बकलं, चेन, शिवण वर सांगितल्याप्रमाणे. एवढं सगळं ठीक असेल आणि पाठीचं माप जुळत असेल, तर हजारात सौदा चांगला आहे.

टिकवायची तर ओली ठेवायची नाही. ट्रेकहून आलं की सगळे कप्पे उघडे करून, उलटी टांगून, सावलीत दोन दिवस वाऱ्यावर ठेवा. उन्हात कापडाचा आणि लेपाचा जीव जातो. वॉशिंग मशिनमध्ये घालू नका, गरम पाणी आणि कडक पावडरही नको. कोमट पाणी, थोडा अंगाचा साबण, घामाचे पांढरे डाग मऊ ब्रशने घासून काढा. शेवेचे, चिवड्याचे कण कोपऱ्यांतून झटकून काढा, कारण उंदीर त्याच वासाने सॅक कुरतडतात, घरी माळ्यावर आणि गडावरच्या गुहेतही. गुहेत रात्री खाण्याची पिशवी सॅकबाहेर काढून दोरीने उंच टांगा आणि सॅकच्या चेना उघड्या ठेवा : आत यायचंच असलं तर उंदीर दारातून येतो, भिंत फोडत नाही. पावसाळ्यात सॅक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका. जुन्या सुती उशीच्या खोळीत ठेवा आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून वारं द्या.